साखळीला टोके किती?

पुण्याच्या एखाद्या दैनिकाचे क्रीडापान उघडावे. भोसरीत कबड्डीची स्पर्धा असो नाहीतर चिंचवडात टेनिस चेंडूच्या क्रिकेटची, आधी ‘साखळी फेरी’ होते, मग ‘बाद फेरी’. साखळीत गटातला प्रत्येक संघ बाकीच्या प्रत्येकाशी खेळतो, म्हणजे पाच संघांचे दहा सामने. आता कागदावर पाच टिंबे मांडून दहा सामन्यांच्या दहा रेषा ओढून पाहा. पंचकोन होतो आणि त्याच्या पोटात चांदणी. साखळी काही केल्या होत नाही, कारण पाच टिंबांच्या साखळीला चारच रेषा पुरतात. मग हे नाव ठेवले कोणी, आणि आपण सगळ्यांनी ते निमूट चालवून कसे घेतले?

पान उलटले की उद्योगवार्तेत चाकणची ‘पुरवठा साखळी’ भेटते. तिचा नकाशा काढला तर झाड निघते, तेही उलटे. शहराच्या पानावर कुणाचे तरी ‘साखळी उपोषण’ चालू असते. तिथली साखळी जागेत नसते, वेळेत असते: आज हा उपाशी, उद्या तो. आणि अगदी कोपऱ्यात, सकाळी फिरायला निघालेल्या बाईंची सोनसाखळी दुचाकीवरून आलेल्या दोघांनी हिसकावल्याची बातमी. चार बातम्यांतली खरोखरची, कड्यांनी बनलेली साखळी एवढी एकच, आणि तीही तुटलेली.

शब्दाच्या घराण्यात डोकावले तर हा घोळ आजकालचा नाही असे दिसते. संस्कृतात मूळ रूप शृङ्खल किंवा शृङ्खला. पाणिनीने त्याच्यासाठी एक सबंध सूत्र (५.२.७९) खर्च केले आहे: करभ म्हणजे उंटाचे पिल्लू, त्याचे बंधन शृंखल असेल तर त्या पिल्लाला ‘शृंखलक’ म्हणावे. इतक्या बारीक गोष्टीसाठी सूत्र लागावे हे पाहून त्या काळी वायव्येकडे उंटांचा व्यवहार किती मोठा असावा याची कल्पना येते. पण खरी गंमत या सूत्रांवरच्या काशिकावृत्ती या टीकेत आहे. ती सांगते की हे शृंखल लाकडी असते, पिल्लाच्या पायात अडकवायचा लाकडी फासा. आपल्याकडच्या गुराच्या गळ्यातल्या लोढण्याचा हा भाऊबंदच. म्हणजे शब्दाच्या बालपणी कडीत कडी ओवण्याची कल्पना त्यात नसावी. नुसते अडकवून ठेवणे असावे. लोखंडी कड्या मागाहून आल्या आणि नाव मात्र तेच राहिले. परंपरेने शृंग आणि स्खल् यांच्या जोडकामातून या शब्दाची एक व्युत्पत्ती दिली जाते, पण ती ओढूनताणून बसवलेली वाटते. उंटाच्या पिल्लाला अजून शिंगे फुटलेली नाहीत.

प्राकृतात संकला, संखला, सिंखला अशी रूपे होतात आणि तिथून वाट फुटते. मुळातल्या ऋकाराचा पश्चिमेकडे अ झाला, पूर्वेकडे इ. म्हणून आपल्याकडे सांकळ, साखळी, गुजरातीत साँकळ, हिंदीत साँकल; आणि बंगालीत शिकल, नेपाळीत सिक्री. दक्षिणेत तमिळ चंगिली आणि मल्याळम चङ्ङल हे आपल्यासारखेच साखळीच्या अर्थाने नांदतात, पण तेलुगू संकेल आणि कन्नड संकोले यांनी बेडीचा अर्थ धरून ठेवला आहे, पाणिनीच्या उंटाशी इमान राखल्यासारखा. मराठीने तो अर्थ जवळजवळ सोडला. कैद्यासाठी आपल्याला ‘दंड’ जोडून साखळदंड म्हणावे लागते, कारण नुसत्या साखळ्या म्हटल्या की लहान मुलीच्या पायातली चांदी आठवते.

फारसीने दुसरा संसार मांडला होता. जंजीर म्हणजे साखळी. (मुरुडच्या जंजिऱ्याचा तिच्याशी संबंध नाही, तो अरबी ‘जझीरा’, बेट. किल्ल्याला आणि साखळीला एकाच पंगतीत बसवण्याचा मोह अनेकांना होतो.) अरबीतून आलेला सिलसिला म्हणजेही साखळीच, पण गुरुशिष्यांची, घटनांची, एकामागून एक येणाऱ्या गोष्टींची. आपला शिरस्ता हा फारसी ‘सररिश्ता’, म्हणजे दोऱ्याचे टोक. त्या टोकाशी बसलेला तो शिरस्तेदार. क्रमाचा, ओळीचा अर्थ या फारसी-अरबी मंडळींकडे पूर्वीपासून होता. आपल्या साखळीत तो इंग्रजीच्या सहवासानंतर नीट रुजला असावा. हिंदीने क्रिकेटच्या ‘सीरिज’साठी शृंखला घेतली, मराठीने मालिका घेतली आणि साखळी ‘लीग’ला देऊन टाकली. ‘लीग’च्या मुळाशी लॅटिनमधला बांधण्याचा धातू आहे, तेव्हा भाषांतर करणाऱ्याच्या मनात लोढणेच असेल तर त्याचे चुकले असे म्हणता येत नाही.

साखळीच्या घटकाला आपण कडी म्हणतो, दुवाही म्हणतो. कडीचे नाते संस्कृत कटकाशी, हातातल्या कड्याशी दिसते. ‘कडीवर कडी करणे’ हा वाक्प्रचार मात्र खेळाडूचा. त्यात जोडण्यापेक्षा वरचढ होण्याची हौस जास्त. दुवा हा पत्त्यांतल्या दुरीचा आणि फाशांवरच्या दोनाचा सगा असावा, कारण दोन बाजू असल्याशिवाय दुवा होत नाही. फकिराचा दुवा वेगळा, तो अरबी.

इथे एक आडवाट घेतल्याशिवाय राहवत नाही. साखळीने आपल्याकडे जमीनही मोजली. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची, १०० कड्यांची मोजणीची साखळी रूढ केली. मुंबई इलाख्यात तिचे अर्धे माप चालले: ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली शंकुसाखळी. ३३ ला ३३ ने गुणा, १०८९ चौरस फूट होतात, म्हणजे नेमका एक गुंठा. असे ४० गुंठे झाले की एकर. चाकण, महाळुंगे, निघोज्याच्या शिवारात कारखाने आले तेव्हा ज्या गुंठ्यांनी माणसे एका पिढीत श्रीमंत झाली आणि ज्यावरून ‘गुंठामंत्री’ हा खवचट शब्द निघाला, तो गुंठा म्हणजे साखळीचा वर्ग. अर्थात गुंठा हा शब्द स्वतः कन्नड गुंटेचा सोयरा दिसतो.

आता परत खेळाकडे. ‘बाद’ हा अरबी ‘बअद’पासून आलेला असावा: नंतर, पलीकडे. हिशेबात रक्कम बाद करतात तोच हा. बाद फेरीचा आकार झाडाचा: दोन डहाळ्या एका फांदीला मिळतात, एक संघ गळतो, शेवटी खोड उरते. साखळी आणि बाद यांत संघ तेच धरा आणि नियमही तेच. बदलते ते फक्त कोणाची गाठ कोणाशी पडणार याचे जाळे. तेवढ्याने विजेता बदलू शकतो का?

याचे सर्वांत देखणे उत्तर एका विचित्र स्पर्धेत सापडते. अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या दोन स्पर्धांत खेळाडू म्हणजे संगणकाचे कार्यक्रम होते. खेळ अगदी साधा: दोघांनी एकाच वेळी ठरवायचे, साथ द्यायची की दगा. दोघांनी साथ दिली तर दोघांचे बरे. एकाने दगा दिला तर त्याची चैन आणि दुसऱ्याचे नुकसान. दोघांनी दगा दिला तर दोघांचेही वाईट. पहिल्या स्पर्धेत एका लढतीचे २०० डाव. तिला १४ जणांनी कार्यक्रम पाठवले, दुसऱ्या स्पर्धेला ६२. दोन्ही वेळा जिंकला तो ॲनाटोल रॅपपोर्ट यांचा सर्वांत आखूड कार्यक्रम. त्याच्या इंग्रजी नावाला मराठीत ‘जशास तसे’ म्हणतात, पण या मराठी शब्दांत जो दंड थोपटल्याचा आवाज आहे तो त्या कार्यक्रमात नाही. तो पहिला डाव नेहमी साथीचा टाकतो. पुढे समोरच्याने मागच्या डावात जे केले तेच करतो.

मुद्दा असा की ही साखळी स्पर्धा होती, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ. आणि ‘जशास तसे’ने त्यात एकाही प्रतिस्पर्ध्याला हरवले नाही. हरवताच येत नाही! तो स्वतः होऊन दगा देत नाही, म्हणून एका लढतीत त्याचे गुण समोरच्याहून जास्त होणे अशक्य. फार तर बरोबरी, नाहीतर थोडक्यात पराभव. पण त्या बरोबऱ्या चांगल्या गुणांच्या असतात, आणि आडदांड कार्यक्रम एकमेकांना खात असताना याची बेरीज वाढत जाते. हाच गडी बाद फेरीत उतरवा. एखाद्या दगाबाजाशी गाठ पडली की थोडक्या गुणांनी घरी. साखळीतला विजेता झाडावर चढूच शकत नाही. क्रीडापानावरच्या त्या दोन शब्दांत असा भेद दडलेला आहे.

जाळे आणखी विरळ केले तर? मार्टिन नोवाक आणि रॉबर्ट मे यांनी १९९२ साली हाच खेळ बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटीवर मांडला. प्रत्येक घरातल्या खेळाडूने फक्त शेजाऱ्यांशी खेळायचे आणि ज्या शेजाऱ्याला जास्त मिळाले त्याची नक्कल करायची. आठवण नाही, हिशेब नाही. तरी साथ देणारे गठ्ठ्यागठ्ठ्याने तगले, कारण गठ्ठ्याच्या आतल्या माणसाला दगाबाज भेटतच नाही. पुढे २००६ साली नोवाक आणि सहकाऱ्यांनी एक सुटसुटीत नियम दिला: नकलेच्या अशा एका रीतीत साथ टिकायची तर तिचा फायदा तिच्या खर्चाच्या इतके पट हवा की ती पट शेजाऱ्यांच्या सरासरी संख्येहून मोठी असेल. दोनच शेजारी असलेल्या खऱ्याखुऱ्या साखळीत दुपटीहून जास्त फायदा पुरतो. सगळेच सगळ्यांचे शेजारी झाले, म्हणजे क्रीडापानावरची साखळी झाली, की हा आधार सुटतो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि मिलिंगच्या छोट्या शेड्स आहेत. त्यातला कुणी निम्मा लॉट शेजारच्या शेडला देतो, अडल्यावेळी त्याच्याकडून टूल आणतो. हे दोन-तीन दारांपुरतेच चालते. तीच माणसे कोटेशन देताना सगळ्या तालुक्याशी खेळत असतात, आणि तिथे कुणी कुणाला टूल देत नाही.

लहान मुलांनी मात्र साखळीचा अर्थ सर्वांत काटेकोर ठेवला आहे. साखळीची पकडापकडी बहुतेकांनी खेळली असेल. ज्याच्यावर राज्य तो पकडतो, पकडला गेलेला त्याचा हात धरतो, आणि दोघे, मग तिघे, मग चौघे मिळून धावतात. (राज्य ‘मिळणे’ ही इतरत्र चैन, पण मराठी खेळात राज्य ‘येते’, तेही ‘माझ्यावर’, आजारपणासारखे. भाषेला राज्यकर्त्याची एवढी दया दुसरीकडे आलेली दिसत नाही.) हे राज्य कोणावर हे ठरवायला मुले चकतात: तिघांनी तळहात उताणे किंवा पालथे टाकायचे, जो वेगळा पडेल तो सुटला. दोघांत चकता येत नाही, कारण वेगळा पडायला बहुमत लागते. चकणे हे चकवणे-चकवा यांच्या कुळातले असावे. चाकणशी त्याला जोडू नये. चाकणकर आपले गाव दशरथाच्या रथाच्या निखळलेल्या चाकाशी जोडतात आणि चक्रेश्वराचे देऊळ दाखवतात. ती कथा व्युत्पत्तीच्या कसोटीला उतरो न उतरो, ज्या गावातून आज रोज हजारो चाके बाहेर पडतात त्याला ती शोभते.

तर मुलांच्या साखळीला नेहमी दोनच टोके. चार मुले असोत की चौदा, पकडणारे मोकळे हात दोनच. मधल्यांनी फक्त ओढले जायचे. साखळी लांबली की ती मैदान जास्त अडवते हे खरे, पण वळताना मधेच तुटते, आणि तुटलेल्या साखळीने पकडलेला गडी धरत नाहीत. म्हणून खेळ सुरुवातीला रंगतो आणि पुढे रेंगाळतो. यावर काही ठिकाणी मुलांनीच तोड काढली आहे: चार झाले की फुटून दोन-दोन व्हायचे. लगेच टोकांची संख्या वाढत जाते आणि खेळ झपाट्याने संपतो. नियम एवढासा बदलला, पण जाळ्याचा आकार पालटला आणि त्याबरोबर खेळाची चालही. ‘साखळीला टोके किती’ हा प्रश्न गणितज्ञांच्या आधी बहुधा दुसरी-तिसरीतल्या मुलांनी सोडवला असावा.

पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत कामगार ‘साखळी’ म्हणत नाही. दुचाकीची ती चेन, असेंब्लीची ती लाईन. ‘लाईन थांबली’ या दोन शब्दांनी शिफ्टमधला सुपरवायझर जसा धावतो तसा दुसऱ्या कशाने धावत नाही. पुरवठा साखळी हा शब्द वर्तमानपत्राचा, शासनाच्या धोरणाचा आणि व्यवस्थापनाच्या वर्गातला. त्या वर्गात एक जुना खेळ शिकवतात, तोही अमेरिकेतल्या एमआयटीतून आलेला, तिथल्या जे फॉरेस्टर यांच्या परंपरेतला. चौघे ओळीने बसतात: किरकोळ विक्रेता, घाऊक, वितरक, कारखाना. एकमेकांशी बोलायचे नाही, फक्त शेजाऱ्याला मागणीची चिठ्ठी द्यायची. गिऱ्हाईक दर आठवड्याला ४ खोकी मागते, पाचव्या आठवड्यापासून ८, आणि मग शेवटपर्यंत ८च. एवढाच बदल. पण माल यायला वेळ लागतो, विक्रेता घाबरून जास्त मागवतो, घाऊकवाला त्याहून जास्त, आणि टोकाच्या कारखान्यापर्यंत आधी पूर येतो, मग दुष्काळ. याला चाबकाचा फटकारा म्हणतात: मूठ जराशी हलते, टोक मात्र सपकन जाते. चाबूक हा फारसी ‘चाबुक’, म्हणजे चपळ. चपळाईचे नाव हत्याराला पडले, आणि चपळाई राहिली ती टोकाला, मुठीला नव्हे. मोठ्या कारखान्याला तिसऱ्या-चौथ्या पायरीवर माल देणाऱ्या शेडवाल्याला हे कुठल्या वर्गात शिकावे लागत नाही. एका महिन्यात रात्रपाळी, पुढच्या महिन्यात मशीन झाकून ठेवलेली.

पैसा त्याच साखळीवरून उलटा येतो, आणि सावकाश येतो. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. तरी ‘पेमेंट अडकले’ हे वाक्य भोसरीत रोज ऐकू येते. पाणिनीच्या अर्थाने पाहिले तर शृंखलेचे मुख्य काम अडकवणे हेच. उधार शब्द संस्कृत उद्धारातून आला. वर काढणे, सोडवणे, आणि देण्याचा भाग बाजूला काढणे, असे अर्थ त्याच्यात होते. आपण उद्धार देवावर सोपवला आणि उधार वाण्याकडे ठेवला.

राहता राहिले साखळी उपोषण. आमरण उपोषणात सारा भार एका माणसावर. साखळीत तो पाळीपाळीने फिरतो, म्हणून ते महिनोन्महिने चालू शकते आणि म्हणूनच त्याची दखल उशिरा घेतली जाते. सगळ्यांनी एकदमच बसणे हा तिसरा आकार. १९८९ च्या सप्टेंबरात राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली टेल्को या मोटार कंपनीचे पिंपरीचे कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले तो हा प्रकार. सगळे एका जागी, सगळे सगळ्यांना दिसत होते. ताकद त्यात होती आणि धोकाही त्यातच, कारण पोलिसांनी एका रात्रीत सगळ्यांना उचलले. कामगारांच्या ‘गेट मीटिंग’ची खुबीही ही दिसण्याचीच. कानोकान गेलेल्या निरोपात मला एवढेच कळते की शेजाऱ्याला ठाऊक आहे. गेटवर मला हे कळते की सगळ्यांना ठाऊक आहे, आणि हेही की हे सगळ्यांना ठाऊक असल्याचे सगळ्यांना ठाऊक आहे. संपात उतरणारा माणूस या दुसऱ्या माहितीवर उतरतो. म्हणजे गेटवर तयार होते ते पंचकोनाच्या पोटातल्या चांदणीचे जाळे, क्रीडापानावरची साखळी. इंग्रजीत या साखळी स्पर्धेला ‘राउंड रॉबिन’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा जुना अर्थ तक्रारअर्ज असा आहे: ज्यावर खलाशी गोलाकार सह्या करत, म्हणजे पहिली सही कोणाची, म्हणजेच म्होरक्या कोण, हे कप्तानाला कळू नये.

संपाच्या शेजारी उभ्या असलेल्या हरताळ या शब्दाचे कोडे सोपे. हट्ट म्हणजे बाजार आणि ताल म्हणजे कुलूप; हट्टताल, दुकानांना कुलूप. मालकाच्या टाळेबंदीतले टाळेही त्याच तालातून आलेले, तेव्हा दोन्ही पक्ष एकच कुलूप वापरतात म्हणायचे. ‘हरताळ फासणे’तला हरताळ निराळा: तो पिवळा खनिज रंग, हरिताल, पोथीतली चूक त्याने बुजवत.

पण संप? मराठीत तो काम बंद करणे, आणि २०१३ साली चाकणच्या बजाज कारखान्यात तो सुमारे पन्नास दिवस चालला. गुजरातीत संप म्हणजे एकी, जिव्हाळा, गुण्यागोविंदाने राहणे; घरातली म्हातारी माणसे मुलांना संपाने राहा म्हणून सांगतात. जुन्या मराठीतही अर्थ एकमताचा, जुटीचाच असावा. मुंबईच्या गिरण्यांत मालक अनेकदा गुजराती आणि कामगार बहुतेक मराठी. तिथे कामगारांनी ‘संप केला’ म्हणजे आधी एकी केली, आणि त्या एकीचे पुढे काय झाले ते शब्दाला चिकटले, असे दिसते. त्यामुळे आज चाकणच्या एखाद्या गेटवर ‘संप मिटला’ असे ओरडले तर मराठी माणूस पेढे आणायला निघेल आणि त्याच्या शेजारी उभा असलेला गुजराती व्हेंडर, नव्यानेच सुरतेहून आलेला असला तर, या लोकांचे आपसात कशावरून बिनसले म्हणून चौकशी करील.